सुलटा शिक्का

इतरांना आरशात धरल्याशिवाय वाचता येत नाही असं उलटं लिखाण बेबीताई तायडे सरळसोट वाचतात. अँब्युलन्सच्या नाकावर अक्षरं उलटी रंगवलेली असतात ना, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सरळ दिसावीत म्हणून? ती अक्षरं बेबीताई फुटपाथवर उभ्या राहून वाचतात, आणि ती उलटी आहेत हे त्यांच्या लक्षातही येत नाही. उलट्या काळजाची माणसं आपल्याला पुष्कळ भेटतात, उलट्या डोळ्यांची बाई मात्र विरळा.

ऑकलंडमधल्या हिल्सबरोत राहायला येऊन चार वर्षं झाली तरी तिथे हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे बेबीताई नुसत्या नातीची, धम्मदीनाची, आजी होत्या. मागच्या अंगणात मेथी लावणाऱ्या, थंडीत मोज्यांवर जँडल्स, म्हणजे तिथल्या रबरी चपला, चढवून कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणणाऱ्या, आणि दुकानदाराला रोज हसून 'किया ओरा', म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणणाऱ्या. विहारातल्या कार्यक्रमात ओळख करून द्यायची वेळ आली की लोक म्हणत, "या आपल्या यादवराव काकांच्या मिसेस." काकांना मात्र सगळे ओळखत. काका म्हणजे शिक्केवाले, काका म्हणजे कलाकार.

मूर्तिजापूरला तहसील कचेरीसमोर यादवरावांचं शिक्क्यांचं दुकान होतं. पुढे पत्र्याची टपरी, मागे राहायच्या दोन खोल्या. सरपंच, हेडमास्तर, वकील, सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याला ज्याला कागदावर नाव उमटवून वजन पाडायचं असे तो तिथे येई. रबराच्या जाड पट्टीवर अर्ध्या ब्लेडनं अक्षरं उलटी कोरायची, छत्रीची काडी दगडावर घासून केलेल्या टोच्यानं अक्षरांच्या पोटातला रबर उपसायचा, मग पट्टी लाकडी मुठीला चिकटवायची. उलटं कोरलं की कागदावर सुलटं उमटतं. ऐकायला सोपं आहे. पण मराठीत वेलांटी नावाची एक खट्याळ चीज आहे. आरशात पहिली दुसरी दिसते आणि दुसरी पहिली. तिथे हात चुकला की हेडमास्तरांचं शुद्धलेखन बिघडतं, आणि मग ते तो शिक्का कोरणाऱ्याच्या डोक्यात हाणतात.

१९८८ साली मुलगा मैत्रेय नवोदय विद्यालयाच्या वसतिगृहात राहायला गेला आणि त्याच वर्षी यादवरावांच्या हातांना कंप सुटला. चहाचा कप बशीत वाजू लागला. डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, जिवाला धोका नाही. जिवाला नव्हता, पण दुकानाला होता. तीन दिवस टपरी बंद राहिली. चौथ्या दिवशी एका ग्रामसेवकाचा शिक्का द्यायचा होता. तोवर कडेला बसून फक्त मुठी घासणाऱ्या बेबीताईंनी ब्लेड उचललं. पंधरा वर्षं बघून बघून सगळं डोळ्यांत मुरलेलं होतं, ते तासाभरात हातात उतरलं. यादवरावांनी तो शिक्का रबरावरच, उलटा, एकेक अक्षर बोट ठेवून वाचला.

"माझ्यापेक्षा साफ आहे," ते म्हणाले. मग त्यांनी टपरी आणि खोलीच्या मधे पडदा लावला.

तो पडदा एकोणीस वर्षं राहिला. पुढे यादवराव गिऱ्हाइकांशी गप्पा मारत, चिठ्ठीवर मजकूर लिहून आत सरकवत. आत बेबीताई कोरत. शिक्का बाहेर आला की यादवराव तो उलटाच वाचून तपासत आणि मगच देत. बाहेर पाटी होती: 'प्रो. यादवराव तायडे. हातकामाची हमी.' हात कुणाचा ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता हो. चौदा एप्रिलला स्त्री-पुरुष समतेवर असं भाषण ठोकायचा की बाया डोळे पुसायच्या. पण कचेरीतले लोक काय म्हणतील, हातातून गेलेलं काम बायको करते हे कळलं तर पत काय राहील, या धाकानं त्यांनी पडदा बाजूला केला नाही, आणि बेबीताईंनीही तो ओढला नाही. सुट्टीत घरी आलेल्या मैत्रेयला एवढंच माहीत झालं की आई बाबांना मदत करते.

त्या एकोणीस वर्षांत एकही शिक्का सुलटा कोरला गेला नाही. तापात नाही, सुतकात नाही, मैत्रेयच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीही नाही. याचा बेबीताईंना मनातून भारी अभिमान होता. अख्ख्या तालुक्याची नावं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांचं स्वतःचं तेवढं राहिलं, कारण बाईमाणसाला शिक्का कशाला लागतो? आणि त्यांचं नाव घेणारंही घरात कुणी नव्हतं. यादवराव त्यांना 'मैत्र्याची आई' म्हणत, त्याआधी नुसतं 'अगं' म्हणत. लग्नात मित्रांनी नाव घ्यायचा आग्रह केला तेव्हाही त्यांनी लाजून 'ही' वर भागवलं होतं.

मग कॉम्प्युटरवर शिक्के निघायला लागले आणि दुकान मिटलं. मैत्रेय इंजिनिअर होऊन न्यूझीलंडला गेला, ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात मशीनं डिझाइन करू लागला, आणि २०१३ साली त्यानं आईवडिलांना बोलावून घेतलं. विमानतळावर लाकडाच्या वस्तू तपासणाऱ्या बाईनं बॅगेतला टोचा वर धरला आणि हे काय म्हणून विचारलं. "माय टूल," यादवराव म्हणाले. बेबीताईंनी ट्रॉलीवरची दुसरी बॅग नीट लावली.

तर २०१७ च्या जुलैमधली गोष्ट. शाळेला हिवाळ्याची सुट्टी होती आणि नऊ वर्षांची धम्मदीना ओनहंगातल्या एका ठसेघरात सुट्टीच्या वर्गाला जात होती. जुनं लोकरीचं गोदाम होतं ते. आत लाकडावर, लिनोच्या मऊ पट्टीवर चित्रं कोरून छापायला शिकवत. दुसऱ्याच दिवशी पोरीनं बाईंना सांगितलं की हे काही विशेष नाही, माझे आजोबा आयुष्यभर हेच करत होते. ठसेघर चालवणाऱ्या फिलिपाबाईंनी त्याच दिवशी मैत्रेयला फोन केला. शनिवारी ठसेघर सगळ्यांसाठी उघडं असतं, साठ-सत्तर माणसं येतात, तुमचे वडील हातानं शिक्का कोरून दाखवतील का?

"बाबा, दे आर सो एक्सायटेड!" मैत्रेय घरात शिरता शिरता म्हणाला. "भारतातला मास्टर कार्व्हर म्हणून तुमचं नाव लावतायत बोर्डवर. मी शनिवारचा ओव्हरटाइम कॅन्सल केलाय. विहारातल्या सगळ्यांना मेसेज टाकलाय."

"येस, येस, व्हाय नॉट," यादवराव म्हणाले. त्यांच्या हातातली बशी वाजत होती. त्यांची सून विनया हिनं ती अलगद काढून घेतली. या वयात हात थरथरतातच, असं तिला वाटत होतं, आणि ब्लेड धरलं की ते थांबत असतील असं मैत्रेयला.

बेबीताई पोळी लाटत होत्या. ती जरा वाकडी झाली.

गुरुवारी फिलिपाबाईंनी यादवरावांना जागा बघायला बोलावलं. विनया गाडी घेऊन निघाली, मागे आजी, आजोबा आणि नात. फिलिपाबाई साठीच्या, उंच, नखांत शाई अडकलेली. त्या शाईकडे बघूनच बेबीताईंना बाई आवडली. टेबल दाखवून झालं, दिवा दाखवून झाला, आणि मग त्या सगळ्यांना समोरच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. तिथे काचेत एक जुना कागद लावला होता, पिवळा पडलेला, अर्ध्या वर्तमानपत्राएवढा. पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीत लाकडी ठशावरून छापलेलं बायबलमधलं चित्र.

काय चित्र होतं! राजवाड्यातली मेजवानी चाललेली. टेबलं कलंडलेली, पेले लवंडलेले, एक राणी किंचाळतेय, टेबलाखाली कुत्रं अंग चोरून बसलंय. मधोमध राजा अर्धवट उठलेला, केस ताठ. आणि वर ढगातून एक हात आलाय. मनगटापर्यंतचा नुसता हात, भिंतीवर अक्षरं लिहिणारा.

फिलिपाबाई गोष्ट सांगू लागल्या आणि विनया मराठीतून सांगत गेली. बेलशस्सर नावाचा राजा. त्याच्या बापानं दुसऱ्यांचं देऊळ लुटून सोन्याची भांडी आणली होती. यानं ती काढून त्यांत दारू प्यायला सुरुवात केली, तेवढ्यात तो हात आला.

"दुसऱ्याच्या देवाच्या भांड्यात दारू प्यायला?" बेबीताई म्हणाल्या. "मग भिंतीवर लिहून येणारच."

"आणि त्या अक्षरांचा अर्थ काय माहितीये, आई? तुला तोललं, आणि तू वजनात कमी भरलास."

यादवराव घसा खाकरून खिडकीकडे बघू लागले.

बेबीताईंना त्या अर्थाशी देणंघेणं नव्हतं. चष्मा नाकावरून खाली ओढून त्या काचेला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या होत्या. त्यांना कुत्र्याच्या पाठीवरचे केस दिसत होते. लाकडात रेघ कोरायची नसते, रेघ सोडायची असते. दोन्ही बाजूंचं लाकूड काढलं की मधे रेघ उरते. इथे एकेका केसाच्या दोन्ही बाजूंनी लाकूड काढलेलं होतं. राणीच्या बाहीवर तर रेघांवर रेघा जाऊन जाळी झालेली, आणि त्या जाळीचं प्रत्येक इवलंसं भोक कुणीतरी पात्याच्या टोकानं उपसलेलं. त्यांच्या अंगावर काटा आला. आपल्यासारखं कुणीतरी, दिवस दिवस मान मोडून बसलेलं, पाचशे वर्षांपूर्वीही होतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मग त्यांची नजर भिंतीवरच्या अक्षरांवर गेली, आणि कपाळाला आठी पडली.

"सुलटं कोरलं यानं," त्या म्हणाल्या.

विनयानं विचारलं, काय? बेबीताईंनी बोट दाखवलं. छापलेली रोमन, म्हणजे इंग्रजीसारखीच, अक्षरं उलटी होती, आरशातल्यासारखी. फिलिपाबाई हसून म्हणाल्या, हो, सगळे विचारतात. खाली तशी चिठ्ठीही लावली होती. अभ्यासकांचं मत असं, की देवाचं लिखाण माणसाला वाचता येऊ नये म्हणून चित्रकारानं ते मुद्दाम उलटं दाखवलंय.

"मुद्दाम बिद्दाम काही नाही," बेबीताई म्हणाल्या. "त्याईले सांग विनया, हा हात पाहा. डावा आहे. देव डावखुरा असंल, आपल्याले काय माहीत. पण राजा पेला डाव्या हातात धरून राहिला. तो शिपाई तलवार डाव्या हातानं उपसून राहिला, म्यान उजव्या बाजूले. तो वाढपी, ती राणी, सगळे डावरे. अख्खी मेजवानी डावखुरी असते का कुठं? कागद लाकडावर पालथा चिकटवायचा असतो, यानं उताणा चिकटवला. चित्राचं खपून गेलं, अक्षरांनी चोरी पकडून दिली. एवढा सोन्यासारखा हात, आणि अशी चूक! आमच्या दुकानात दोन दिवस टिकला नसता हा."

विनया सांगत गेली तसं फिलिपाबाईंचं तोंड उघडं पडत गेलं. त्या वाकून पाहू लागल्या. तलवार. म्यान. पेला. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर शाईचा हात मारून घेतला. बारा वर्षं, त्या म्हणाल्या, बारा वर्षं मी लोकांना ती चिठ्ठी वाचून दाखवतेय!

"कोणी कोरलं हे? नाव काय त्याचं?" बेबीताईंनी विचारलं.

चित्र काढणाऱ्याचं नाव खाली छापलेलं होतं, लांबलचक जर्मन. पण तो फक्त कागदावर काढायचा, फिलिपाबाई म्हणाल्या. लाकूड कोरणारे कारागीर वेगळे असत. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मग त्या कौतुकानं यादवरावांकडे वळल्या. हे सगळं तुम्ही शिकवलंत ना तुमच्या मिसेसना?

बेबीताई काचेकडे बघत होत्या, पण काचेत त्यांना नवरा दिसत होता.

"येस, येस," यादवराव म्हणाले. "मेनी इयर्स शी इज वॉचिंग मी."

एकोणीस वर्षांत जे लागलं नव्हतं ते त्या एका वाक्यानं लागलं. पडद्यामागे बसणं वेगळं. पडदा निदान कापडाचा होता. हे तर तोंडावर होतं, आणि तेही अशा चित्रासमोर जिथे हात आहे पण माणूस नाही. घरी येईपर्यंत बेबीताई गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. धम्मदीनानं दोनदा विचारलं, "आजी, आर यू ओके?" त्यांनी तिच्या केसांतून हात फिरवला.

शुक्रवारी दुपारी घरात दोघंच होते. गॅरेजमधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बेबीताई गेल्या तर यादवराव स्टुलावर बसलेले, समोर लिनोचा तुकडा, बोटाला रुमाल गुंडाळलेला, रुमालावर रक्त. लिनोवर 'या' कोरायचा प्रयत्न झालेला दिसत होता. कोंबडीनं उकरल्यासारखा.

"होत नाही," ते म्हणाले. सत्तरीचा माणूस पोरासारखा दिसत होता. "उद्या मैत्र्या सगळ्याईच्या समोर उभा राहीन. काय सांगू त्याले?"

बेबीताईंनी बोटाला हळद लावून नीट पट्टी बांधली. राग होता, पण बोट तर बांधायलाच हवं.

"असं करू," यादवराव म्हणाले. "मी बोलतो. म्हणतो, डोळ्याचा त्रास आहे. तू बाजूले बैस न् मी सांगतो तसं कर. म्हणजे आपलं नेहमीचंच."

"बरं," बेबीताई म्हणाल्या. पट्टीची गाठ मारली. मग उठता उठता थांबल्या. "त्या फोटोत हात दिसते अन् माणूस दिसत नाही. मले ते पाहवलं नाही."

आणि त्या मेथीला पाणी घालायला निघून गेल्या. त्यांच्या तोंडून आलेली एवढीच काय ती तक्रार.

शनिवारी गोदाम भरून गेलं. ठसेघराची नेहमीची मंडळी, शेजारी, विहारातली पाच-सहा कुटुंबं, मुलं. दारावरच्या फळ्यावर खडूनं यादवरावांचं नाव लिहिलं होतं आणि मैत्रेय त्या फळ्याचे फोटो काढत होता. चित्राखालची चिठ्ठी मात्र फिलिपाबाईंनी काढून टाकली होती. टेबलावर दिवा, रबराची पट्टी, शाईचा पॅड, आणि बॅगेतून आलेला तो टोचा. टेबलामागे दोन खुर्च्या, एकीवर बेबीताई. समोरच्या भिंतीवर राजा, राणी, कुत्रं आणि तो हात.

यादवराव उभे राहिले. बोलण्यात या माणसाचा हात कुणी धरला नसता. मोडक्या इंग्रजीत त्यांनी मूर्तिजापूरची कचेरी उभी केली, 'खरी नक्कल' असा शिक्का मागणाऱ्या कारकुनाची गोष्ट सांगितली, लोक खो खो हसले. मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर 'यादवराव तायडे' असं लिहिलेलं होतं. सवयीनं, न बघता, त्यांनी ती डाव्या बाजूला सरकवली, जशी एकोणीस वर्षं पडद्याखालून सरकवत होते. बेबीताईंनी ब्लेड उचललं.

चिठ्ठी मधेच थांबली. यादवराव समोरच्या भिंतीकडे बघत होते.

कंप पावणारा आपला हात त्यांनी चिठ्ठीवर ठेवला आणि ती परत ओढून घेतली.

"मैत्रेय," ते मराठीत म्हणाले, "मी बोलतो ते याईले इंग्रजीत सांग. एक शब्द गाळू नको. अठ्ठ्याऐंशी सालापासून आमच्या दुकानातला एकही शिक्का मी कोरला नाही. माझा हात तेव्हाच गेला. सगळे शिक्के हिनं कोरले, पडद्याच्या आत बसून. पाटी माझी होती, हात हिचा होता. मी फक्त वाचून पाहायचो. परवा या बाईनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

मैत्रेय इंग्रजीत सांगायचं विसरूनच गेला. तो आईकडे बघत होता. त्याला दुकानातलं सगळं आठवत असावं: सुट्टीत आल्यावर आईच्या अंगठ्यावर दिसणारे घट्टे, आणि बाबांच्या हातांवर तेव्हा न दिसलेले. लोक वाट बघत होते. विहारातल्या मंडळींना कळलं होतं आणि ती खाली बघत होती. शेवटी धम्मदीनाच पुढे आली. घरात मराठी कळूनही इंग्रजीतच उत्तर देते म्हणून रोज बोलणी खाणारी ती पोर खुर्चीवर चढली.

"माय आजोबा सेज ही डिडंट मेक देम," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "माय आजी डिड. ऑल ऑफ देम. ही जस्ट चेक्ड देम. अँड ही टोल्ड अ लाय ऑन थर्सडे."

एक शब्द गाळला नाही पोरीनं.

फिलिपाबाईंनी दिवा सरकवला. यादवरावांकडे रोखलेला होता, तो त्यांनी बेबीताईंच्या हातांवर आणला.

"चिठ्ठी नाही आज," यादवराव बायकोला म्हणाले. "तुझं तूच कोर. स्वतःचं नाव."

बेबीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी खांद्याला पुसलं, कारण हात गुंतले होते. मग मान खाली गेली. आणि साठ माणसांनी बघितलं, की आयुष्यभर बंद खोलीत चाललेलं काम उघड्यावर कसं दिसतं. ब्लेड रबरात शिरलं ते थांबलंच नाही. ना आखणी, ना खडू. 'ब'चं पोट फिरून आलं, टोचा आत गेला, रबराची बारीक साल वर आली, फुंकर बसली. विहारातली एक बाई शेजारणीला कुजबुजली, "अगं, बघ तरी, श्वाससुद्धा हलत नाही." बेबीताईंना काही ऐकू येत नव्हतं. बासष्ट वर्षांचं नाव होतं ते, आणि त्या पहिल्यांदाच ते हाताखाली घेत होत्या. सुख होत होतं, अगदी बोटांच्या टोकांपर्यंत.

वीस मिनिटांनी त्यांनी पट्टी मुठीला लावली. पॅडवर टेकवली. फिलिपाबाईंनी पांढरा कागद पुढे केला. बेबीताईंनी शिक्का दाबला आणि उचलला.

धम्मदीना वाकली. "आजी," ती हळूच म्हणाली, "इट्स बॅकवर्ड्स."

उलटं! कागदावर नाव उलटं उमटलं होतं. 'बी'ची दुसरी वेलांटी पहिली होऊन बसली होती. बेबीताईंनी सुलटं कोरलं होतं.

हजारो शिक्क्यांत जे झालं नाही ते आज, दिव्याखाली, साठ माणसांसमोर झालं. त्यांचे कान तापले. कसं झालं हे? आणि मग त्यांना कळलं. जगाची नावं त्यांना उलटी पाठ होती. स्वतःचं नाव त्यांनी आजवर फक्त सहीपुरतं लिहिलं होतं, बँकेच्या फॉर्मवर, मतदानाच्या यादीवर, व्हिसाच्या कागदावर, दरवेळी सुलटं. तेवढं एकच नाव होतं, जे उलटं कसं दिसतं ते त्यांच्या डोळ्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. राजा, राणी, तो डावा हात. "माफ कर रे बाबा," बेबीताई त्या निनावी कारागिराला म्हणाल्या. "दोन दिवस काय, तुले मी जन्मभर ठेवला असता दुकानात."

मागे कुणीतरी हसलं. फिलिपाबाई म्हणाल्या, दुसरी पट्टी देऊ का? भरपूर आहेत. बेबीताईंनी तो कागद चुरगळायला उचलला.

यादवरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. कागद काढून घेतला. उजेडात धरला, पण उलटवला नाही, आरसाही मागितला नाही. त्याची त्यांना गरज नव्हती. खोलीत उलटं वाचता येणारं दुसरं माणूस तेच होते. त्यांनी बोट ठेवलं, ते थरथरत होतं, आणि दुकानात वाचत तसं अक्षर अक्षर मोठ्यानं वाचलं.

"बेबी... तायडे."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. बेबीताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"अजून एकदा वाचा," त्या म्हणाल्या. "नीट तपासून."

त्यांनी परत पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, आणि वाचलं.